पुस्तक मिटल्यावर सुरू होणारा अभ्यास

प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाचं एखादं पुस्तक चाळून बघा. पिवळा, गुलाबी, हिरवा, तिन्ही हायलायटर पानभर फिरलेले असतात. समासात ‘इम्पॉर्टंट’ लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या असतात. मूल सांगतं, "हा धडा माझा तीनदा झालाय," आणि ते खोटं बोलत नसतं. मग सराव परीक्षेत त्याच धड्यावरचे निम्मे प्रश्न चुकतात आणि घरी आल्यावर ऐकू येतं, "येत होतं गं सगळं, ऐन वेळी आठवलंच नाही."

यावर मोठी माणसं दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: अभ्यास कमी पडला, नाहीतर मूल घाबरलं. बऱ्याचदा यातलं काहीच खरं नसतं. अभ्यास भरपूर झालेला असतो, पण सराव एका कामाचा झालेला असतो आणि परीक्षेत काम दुसरंच करावं लागतं. घरी सराव झाला वाचण्याचा. परीक्षेत काम होतं न बघता आठवण्याचं, प्रश्न कोणत्या जातीचा आहे हे हेरण्याचं आणि तेही मिनिटभरात. तयारीतल्या बहुतेक अडचणी या फरकातून निघतात.

ओळख वेगळी, आठवण वेगळी

रस्त्यात ओळखीचा चेहरा दिसतो, हसून दोन शब्द बोलणंही होतं, आणि माणूस पुढे गेला तरी नाव काही केल्या आठवत नाही. तिसऱ्यांदा धडा वाचताना हेच घडत असतं. वाक्यं ओळखीची वाटतात, डोळे झरझर पुढे सरकतात, आणि त्या सरकण्यालाच आपण ‘मला येतंय’ असं समजून बसतो.

यावर मुलं एक बिनतोड वाटणारा मुद्दा काढतात. "पण पर्यायी प्रश्नांत उत्तर समोरच छापलेलं असतं. ओळखायचंच तर असतं!" मुद्दा अर्धाच खरा आहे. चार पर्यायांतले तीन चुकीचे पर्याय हवेतून येत नाहीत. पेपर काढणारा ते विचारपूर्वक तयार करतो, आणि त्याचा कच्चा माल असतो मुलांच्या नेहमीच्या चुका.

साधा प्रश्न घेऊ. प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कुठून येतो? पर्याय: कार्बन डायऑक्साइड, पाणी, ग्लुकोज, हरितद्रव्य. धडा वाचलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर एक समीकरण असतं, त्यात डावीकडे कार्बन डायऑक्साइड आणि उजवीकडे ऑक्सिजन. ‘झाड कार्बन डायऑक्साइड घेतं आणि ऑक्सिजन सोडतं’ हे तर लहानपणापासून कानावर पडलेलं. बोट आपसूक पहिल्या पर्यायावर जातं. खरं उत्तर पाणी. १९४१ साली ऑक्सिजनचा जड समस्थानिक वापरून केलेल्या प्रयोगांतून हे दिसून आलं. धड्यातही हे वाक्य असतं, बहुधा हायलायटरखाली. पण ज्या मुलानं कोऱ्या कागदावर प्रकाशक्रिया न बघता मांडून पाहिलेली असते, ते ‘पाण्याचं विघटन’ या पायरीपाशी एकदा तरी अडलेलं असतं. आणि एकदा अडलेली जागा सहसा लक्षात राहते.

ही गोष्ट प्रयोगानं तपासलेली आहे. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक छोटा उतारा दिला. एका गटानं चारही सत्रांत तो वाचला. दुसऱ्या गटानं एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना सुमारे ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. ज्यांची चाचणी आठवड्यानं घेतली, त्यांच्यात चित्र उलटं होतं. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना ६१.

मला यातली खरी मेख पुढे दिसते. आठवड्यानं किती आठवेल असं आधीच विचारलं होतं, तेव्हा जास्त आत्मविश्वास वाचणाऱ्या गटाचा होता. म्हणजे जी पद्धत कमी उपयोगी, तीच करताना जास्त बरं वाटतं. मुलं वाचत राहतात ती आळसापायी नव्हे. वाचल्यावर पाच मिनिटांनी स्वतःला तपासलं, तर खरंच सगळं येत असतं. परीक्षा पाच मिनिटांनी असती तर त्यांचं बरोबरच होतं.

रॉबर्ट ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञानं अशा फायद्याच्या त्रासाला ‘हवीशी अडचण’ म्हटलं. आठवायला कष्ट पडतात, आणि त्या कष्टानंच पुढच्या वेळची वाट सोपी होते. पुस्तक उघडं असेल तर कष्ट वाचतात, आणि त्याबरोबर फायदाही जातो. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा लोकप्रिय पद्धतींचा आढावा घेतला. त्यात सर्वांत वरचा दर्जा दोनच पद्धतींना मिळाला: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास अंतराअंतरानं वाटून करणं. पुन्हा वाचणं आणि हायलायटर मारणं या दोन्ही गोष्टी तळाच्या गटात होत्या.

मग करायचं काय? धडा एकदा नीट, समजून वाचायचा. पुस्तक मिटायचं. कोरा कागद घ्यायचा आणि आठवेल ते लिहायचं: सूत्रं, आकृत्या, पायऱ्या, अपवाद. अक्षर कसंही असो, कागद कोणाला दाखवायचा नाहीये. अडलं की लगेच पान उलटायचं नाही, मिनिटभर डोकं खाजवायचं. मगच पुस्तक उघडायचं आणि सुटलेलं वेगळ्या रंगानं त्याच कागदावर भरायचं. पहिल्यांदा हे करणारं मूल हादरतं, कारण तीनदा ‘झालेल्या’ धड्यातलं पाव पानही भरत नाही. पण हा धक्का परीक्षेच्या आधी बसलेला बरा. पुढच्या वेळी वाचायचं ते फक्त त्या वेगळ्या रंगातलं, त्यामुळे वेळही वाचतो.

शिक्षकांना हेच फार थोडक्यात करता येतं. तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यावरचे चार प्रश्न, वह्या बंद, गुण नाहीत. गुण दिले की मुलं शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात आणि सगळं मुसळ केरात.

विसरणार हे धरूनच वेळापत्रक

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली विसरण्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. प्रयोगासाठी माणूस एकच होता, तो स्वतः. अर्थ नसलेल्या अक्षरजोड्यांच्या याद्या तो पाठ करायचा आणि काही काळानं त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजायचा. तासाभरानं सुमारे ४४ टक्के श्रम वाचायचे, दिवसानं ३४ टक्के आणि महिन्यानं साधारण २१. अर्थ असलेला मजकूर इतक्या झपाट्यानं पुसला जात नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे भौतिकशास्त्राच्या धड्याला लावू नयेत. पण या आकड्यांच्या आलेखातल्या रेषेचा आकार कामाचा आहे: सुरुवातीला कडा, मग पठार. बहुतेक पडझड पहिल्या एक-दोन दिवसांत होते.

आता नेहमीचं वेळापत्रक बघा. आधी सगळा पोर्शन ‘संपवायचा’, मग शेवटचे दोन महिने रिव्हिजन. कागदावर हे फार नीटनेटकं दिसतं. प्रत्यक्षात पहिला धडा संपतो आणि वर्षभर कोणी त्याचं तोंड बघत नाही. वर्षानं तो उघडला की रिव्हिजन होत नाही, नव्यानं शिकणं होतं. आणि तेव्हा वेळ नसतो, म्हणून मग तो पुन्हा नुसता वाचला जातो.

दोन उजळण्यांत अंतर किती ठेवावं यालाही उत्तर आहे, आणि ते परीक्षा किती दूर आहे यावर अवलंबून आहे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तेराशेहून जास्त लोकांवर हे तपासलं. चाचणी आठवड्यावर असेल तर मध्ये एक-दोन दिवस सोडणं चांगलं. चाचणी वर्षावर असेल तर तीन-चार आठवड्यांचं अंतर फायद्याचं. म्हणजे तयारीच्या सुरुवातीच्या महिन्यांत धडा रोज घोटण्यात अर्थ नाही. तो थोडा विसरू द्यायचा आणि मग आठवायचा. आदल्या रात्री घोटलेलं सकाळच्या शाळेतल्या चाचणीला पुरतं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम एका दिवशी विचारणाऱ्या परीक्षेला ते पुरत नाही.

घरात हे बसवायला फार यंत्रणा लागत नाही. आठवड्यातले चार-पाच दिवस नवा भाग, एक-दोन दिवस फक्त जुना. कोणता जुना भाग कधी घ्यायचा यासाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन माणसानं १९७२ साली सुचवलेली खोक्यांची युक्ती अजून चालते. प्रश्न एका बाजूला आणि उत्तर मागे, अशी कार्डं करायची. बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, म्हणजे ते जास्त दिवसांनी समोर येणार. चुकलं की पुन्हा पहिल्या खोक्यात. जे येतं त्यावर वेळ जात नाही, जे येत नाही ते सारखं समोर येतं. मोबाइलवरची कार्डांची ॲप हेच करतात. फक्त मोबाइल हातात आला की माणूस कार्डं सोडून बाकी सगळं बघतो, म्हणून मी कागदाच्या बाजूचा.

धड्याचं नाव नसलेला प्रश्न

आता तयारीतला सगळ्यांत दुर्लक्षित भाग. पालकांची तक्रार ठरलेली असते: "धड्याच्या टेस्टमध्ये पैकीच्या पैकी, आणि पूर्ण पेपरात आपटी. असं कसं?"

तीन गणितं बघा. एक: घर्षण नसलेल्या उतारावरून ठोकळा सोडला, तळाशी त्याचा वेग किती? दोन: तोच उतार, तोच ठोकळा, तळाशी पोचायला वेळ किती? तीन: तळाशी पोचलेला ठोकळा तिथे उभ्या असलेल्या तेवढ्याच वजनाच्या ठोकळ्यावर आदळून त्याला चिकटला, आता दोघांचा मिळून वेग किती?

चित्र तिन्हींचं सारखं. पहिल्याला ऊर्जेची अक्षय्यता लावली की दोन ओळींत उत्तर. दुसऱ्यात वेळ विचारलाय, ऊर्जेच्या समीकरणात वेळ नसतोच, म्हणून आधी उतारावरचं त्वरण काढून गतीची समीकरणं. तिसऱ्यात धडक आणि चिकटणं आलं, तिथे ऊर्जा टिकत नाही, संवेग टिकतो. उत्तर तळाच्या वेगाच्या निम्मं. सवयीनं इथेही ऊर्जा लावली तर उत्तर येतं वेगाच्या सुमारे ०.७१ पट. हे चुकीचं उत्तर पर्यायांत नक्की सापडेल, याची मी हमी घेतो.

धड्याच्या शेवटी दिलेल्या स्वाध्यायात ही निवड करावीच लागत नाही. ‘संवेग’ या मथळ्याखालच्या पंचवीस गणितांना संवेगच लावायचा असतो, हे डोळे मिटूनही कळतं. मूल पंचवीस गणितं सोडवतं आणि त्याला वाटतं, संवेग आला. सूत्र वापरणं आलं, पण ते कधी वापरायचं याचा सराव एकदाही झाला नाही. प्रवेश परीक्षेच्या पेपरावर धड्याचं नाव छापलेलं नसतं.

डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली हे घनफळाच्या गणितांवर तपासलं. चार वेगवेगळ्या घनाकृती घेतल्या. एका गटानं एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्यानं सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाले जोरात: ८९ टक्के बरोबर, मिसळवाले ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर. पुन्हा तीच तऱ्हा: ज्या सरावात चुका कमी होतात तो टिकत नाही.

म्हणून नवा धडा शिकताना सुरुवातीची पाच-सात गणितं सलग सोडवायला हरकत नाही, हात बसायला ती लागतातच. त्यानंतर मात्र मागच्या तीन-चार धड्यांतली गणितं उचलून भेळ करायची. जुन्या प्रश्नपत्रिका यासाठी सोन्यासारख्या. एक व्यायाम मला विशेष आवडतो: वीस गणितं घ्यायची, एकही सोडवायचं नाही, प्रत्येकापुढे फक्त कोणती रीत लागेल आणि का, एवढंच लिहायचं. पंधरा-वीस मिनिटांत होतो, आणि मुलाला खरंच कुठे येत नाही ते उघडं पडतं.

मिसळून सराव सुरू केला की पहिले काही आठवडे गुण घसरतात. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर घरात गोंधळ उडतो, मूल जुन्या पद्धतीकडे पळतं आणि पालक त्याला पळू देतात.

मॉक टेस्ट दिली, पुढे काय?

पुढे बहुतेक वेळा काहीच होत नाही. गुण बघायचे, शेजाऱ्याचे विचारायचे, पुढच्या टेस्टची तारीख लिहायची. तीन तासांची टेस्ट देऊन दहा मिनिटांत चुका ‘बघून टाकणं’ म्हणजे तपासणी करून रिपोर्ट न वाचणं झालं. टेस्टला जेवढा वेळ गेला, निदान तेवढाच चुकांवर जायला हवा. त्यासाठी महिन्याला टेस्ट कमी द्याव्या लागल्या तरी चालेल.

चूक कोणत्या प्रकारची होती हे आधी ठरवायचं. संकल्पनाच ठाऊक नव्हती का? ठाऊक होती पण आठवली नाही? आठवली पण रीत चुकीची निवडली? की रीत बरोबर होती आणि आकडेमोड घसरली? औषध प्रत्येकाचं वेगळं आहे. पहिलीला पुस्तक, दुसरीला कोरा कागद, तिसरीला मिसळलेली गणितं. चौथीला मुलं लाडानं ‘सिली मिस्टेक’ म्हणतात आणि सोडून देतात. या शब्दाखाली काय काय खपवलं जातं ते बघण्यासारखं असतं. ‘पैकी कोणते विधान चूक आहे’ यातला ‘चूक’ न वाचणं, सेंटिमीटरचं मीटर न करणं, उणे चिन्ह पुढच्या ओळीत हरवणं. चुकांच्या वहीत ‘सिली’ असं न लिहिता नेमकं लिहायचं: "एकक बदललं नाही." पाच टेस्टनंतर तेच वाक्य चौथ्यांदा लिहिताना हात थांबतो.

वेळेचा हिशोबही इथेच लागतो. भारतातल्या नीट परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात, जेईई मेनमध्ये तेवढ्याच वेळात ७५. एका ठिकाणी प्रश्नाला मिनिट, दुसरीकडे जवळजवळ अडीच मिनिटं. एकाच मुलाला दोन्ही परीक्षा द्यायच्या असतील तर त्याला दोन वेगळ्या चाली शिकाव्या लागतात. दोन्हीकडे लागू पडणारी गोष्ट एकच: अडलेला प्रश्न सोडून पुढे जाण्याचा सराव. ‘एवढं केलंय तर पूर्णच करतो’ या हट्टापायी एका प्रश्नावर सात मिनिटं जातात आणि शेवटचे पाच सोपे प्रश्न वाचायचेही राहतात. सोपा प्रश्न आणि अवघड प्रश्न यांना गुण सारखेच असतात, हे पेपर हातात आला की कोणालाच आठवत नाही.

अंदाज लावावा की सोडून द्यावा?

निगेटिव्ह मार्किंगबद्दल सल्ले पुष्कळ मिळतात, हिशोब मात्र क्वचित कोणी मांडतं. समजा बरोबर उत्तराला चार गुण, चुकीचा एक गुण वजा, पर्याय चार. शंभर प्रश्नांवर डोळे मिटून ठोकलं तर सरासरी २५ बरोबर येतील: १०० गुण. ७५ चुकतील: ७५ वजा. हातात उरतात २५. म्हणजे या नियमात आंधळा अंदाजसुद्धा सरासरीनं तोट्यात नाही. एक पर्याय खात्रीनं खोडता आला तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी दोन-तृतीयांश गुण मिळतो, दोन खोडले तर दीड. याउलट बरोबरला तीन आणि चुकीला एक वजा असेल तर आंधळ्या अंदाजाचा हिशोब शून्यावर येतो. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत पूर्वी पाच पर्याय आणि पाव गुणाची कपात होती. २०१६ साली कपात रद्द झाली, तेव्हापासून तिथे प्रश्न कोरा सोडणं हा निव्वळ तोटा आहे. तेव्हा परीक्षा कोणतीही असो, नियमाचं पान आधी वाचायचं.

पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. चार आणि उणे एकच्या नियमात वीस प्रश्नांवर आंधळे अंदाज लावले तर सरासरी पाच गुण मिळतात खरे, पण शंभरातल्या साधारण बावीस वेळा एकूण बेरीज शून्याच्या खाली जाते. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. अर्धवट माहिती असलेलं मूल आंधळा अंदाज लावतच नाही. ते ‘बरोबर वाटणारा’ पर्याय निवडतं, आणि बरोबर वाटावा म्हणूनच तो पर्याय तिथे ठेवलेला असतो. कार्बन डायऑक्साइडवर गेलेलं बोट आठवा. अशा प्रश्नांवर चारातला एक बरोबर येण्याचीही खात्री नसते.

म्हणून दुसऱ्याच्या सल्ल्यापेक्षा स्वतःची नोंद बरी. मॉक टेस्टमध्ये प्रत्येक उत्तरापुढे कच्च्या कागदावर एक खूण करायची: ‘न’ म्हणजे नक्की, ‘श’ म्हणजे शंका, ‘अं’ म्हणजे अंदाज. तीन-चार टेस्टनंतर प्रत्येक खुणेतले किती बरोबर आले ते मोजायचं. चार आणि उणे एकच्या नियमात पाचातलं एक बरोबर आलं की बरोबरी साधते. ‘अं’ची उत्तरं त्याहून जास्त बरोबर येत असतील तर लावावेत अंदाज. कमी येत असतील तर सोडावेत. आणि ‘न’ लिहिलेल्यांतले दहातले तीन चुकत असतील तर अडचण अंदाजांत नाहीच.

उत्तर बदलावं का, हाही जुना वाद. ‘पहिलं मनात आलेलं तेच खरं’ असं परीक्षेच्या हॉलबाहेर सगळेच सांगतात. इलिनॉय विद्यापीठात जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी १५६१ विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खोडलेल्या खुणा तपासल्या आणि २००५ साली निष्कर्ष मांडले. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीची होती ती बरोबर झाली, फक्त २५ टक्के बरोबरची चूक झाली. उरलेल्यांत एका चुकीच्या जागी दुसरं चुकीचं. तरी लोकांना उलटं का वाटतं? बरोबर आलेलं स्वतःच्या हातानं घालवल्याचं दुःख वर्षानुवर्षं लक्षात राहतं, सुधारलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी विसरलं जातं. ठोस कारण सापडलं असेल तर बदलावं. मात्र पेनानं गोल रंगवायच्या ओएमआर पत्रिकेत ही सोय नसते, तिथे फेरविचार गोल रंगवण्याआधीच उरकावा लागतो.

पर्सेंटाइलबद्दल एवढंच: ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के गुण नव्हेत. परीक्षा देणाऱ्यांपैकी साधारण ९९ टक्के तुमच्या बरोबरीचे किंवा मागे, असा त्याचा अर्थ. दहा लाख मुलं बसली असतील तर ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे अजून जवळपास दहा हजार जण असतात. पेपर अवघड निघाला म्हणून रडण्यात अर्थ नाही तो यामुळेच, तो सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो.

झोप आणि घर

तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. या वयात शरीराचं घड्याळही उशिरा सरकतं, त्यामुळे रात्री जागणारं मूल नाटक करतंय असं समजू नये. पण जागून वाचलेलं टिकत नाही. झोपेत विसरणं कमी होतं हे जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ सालीच दाखवलं होतं. अकरानंतरचा तास अभ्यासाच्या खात्यात जमा होतो असं वाटतं, तो दुसऱ्या दिवशी व्याजासकट वजा होतो.

घरच्यांनी विचारायचा प्रश्न बदलला तरी पुष्कळ फरक पडतो. "आज किती झालं?" या प्रश्नाला पानांत उत्तर मिळतं, आणि मूल पानं उलटायला लागतं. "आज काय आठवून बघितलंस? कुठे अडलास?" असं विचारलं तर उत्तर द्यायला काहीतरी आठवून बघावंच लागतं. विषय कळत नसला तरी चालेल. मुलानं पुस्तक न बघता पाच मिनिटं समजावून सांगायचं आणि आपण मध्ये "का?" विचारायचं, एवढं कोणालाही जमतं. फक्त चुकल्यावर चेहरा पडता कामा नये, नाहीतर पुढच्या वेळी मूल जे येतं तेवढंच सांगेल.

शेवटच्या आठवड्यात नवं प्रकरण उघडू नये. त्याऐवजी चुकांची वही, वेगळ्या रंगानं भरलेले ते कागद आणि पहिल्या खोक्यात अडकून बसलेली कार्डं काढावीत. खरा पेपर ज्या वेळेला आहे त्याच वेळेला, दार बंद करून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून एक-दोन पूर्ण पेपर द्यावेत. ओएमआर असेल तर त्यातले गोलही घड्याळ लावून रंगवून पाहावेत. १८० गोल भरायला किती वेळ जातो हे बहुतेकांना पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्येच कळतं.